हूडच्या डाव्या कडेने

रविवार, सात डिसेंबर. कच्च्या वहीतल्या उड्डाणांची नोंद पक्क्या लॉगबुकात करायला बसले होते. काळ्या शाईचं पेन, पट्टी, चष्मा, सगळं टेबलावर मांडून झालं. काम अर्ध्या तासाचं. साडेआठला बसले आणि सव्वादहापर्यंत एक ओळही लिहिली नाही. मधल्या वेळात दोनदा चहा केला, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, पंख्याची पाती पुसली आणि पलसाण्याला मिलमध्ये फोन करून रात्रपाळीत कुठला जेट अडकला का ते विचारलं. कुठलाच अडकला नव्हता. जेट म्हणजे आमच्याकडे कापड रंगवायचं मशीन. विमानाशी त्याचा संबंध नाही, पण मिलमधले लोक माझ्यावर तो विनोद रोज करतात.

आई समोर जमिनीवर पापडीच्या शेंगा सोलत बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर, हात अजून माझ्यापेक्षा चपळ. तिची आणि माझी बोली अहिराणी. नवऱ्याशी मी मराठीत बोलते, मिलमध्ये हिंदीत, बाजारात गुजरातीत.

"काय लिखी ऱ्हायनी इतला येळपाईन?" तिने विचारलं.

"काही नही."

"तेच म्हनस मी. काहीच लिखेल नही."

खरं होतं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, ते लॉगबुक घेऊन मला फ्लाइंग क्लबवर जायचं होतं. माझी प्रशिक्षक त्यावर सही करणार होती आणि माझं नाव इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या परीक्षेसाठी पाठवणार होती. म्हणजे बाहेर काही दिसत नसताना, ढगात, धुक्यात, फक्त समोरच्या काट्यांवर विमान चालवायची परवानगी. त्यासाठी ठरावीक तास हूड घालून उडावं लागतं. हूड म्हणजे कपाळावर बसणारा प्लास्टिकचा छज्जा. तो घातला की फक्त डॅशबोर्ड दिसतो, खिडकी दिसत नाही. माझ्या कच्च्या वहीत हूडखालचे अकरा तास होते. त्यातले सात खोटे होते. विमान उडालं होतं, हूड डोक्यावर होता, घड्याळाप्रमाणे वेळही बरोबर होती. पण त्या सात तासांत मी हूडच्या डाव्या कडेने बाहेर बघत होते, आणि हे मला एकटीला माहीत होतं.

मी रंगाच्या धंद्यातली आहे. वडील सुरतेत लिंबायतला लूम चालवायचे. मी केमिस्ट्री घेऊन पदवी केली आणि पंचवीस वर्षांपूर्वी पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये लागले. आता तिथली शेड, म्हणजे कापडाच्या रंगाची छटा, मी पास केल्याशिवाय गाडीत माल चढत नाही. पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, नमुन्याचा तुकडा पाठवते, आम्ही आमच्या कापडावर तोच रंग आणायचा. लॅबमध्ये रंग मोजायचं यंत्र आहे. तुकडा आत ठेवला की स्क्रीनवर आकडा येतो, पास नाहीतर नापास. मी आकडा बघते आणि मग दोन्ही तुकडे उत्तरेच्या खिडकीशी नेते. ते तिरके धरायचे, मान हलवायची नाही, फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून नजर टाकायची. सरळ बघत राहिलं की डोळा रंगाला सरावतो. कडेने पाहिलं की फरक चटकन पकडला जातो. यंत्राने पास केलेला लॉट मी अडवावा आणि पार्टीने माझंच बरोबर म्हणावं, असं इतक्यांदा झालं आहे की आता यंत्राला कुणी विचारत नाही. शेठ पाहुण्यांना सांगतात, "मशीन रिपेरमां जाय, बेन नथी जतां." मला ते आवडतं. नाही कशाला म्हणू?

पंचेचाळिशीत विमान शिकायला लागले. का, असं लोक विचारतात. मिलच्या एका पार्टीला सोडायला डुमस रोडने विमानतळावर गेले होते, परतताना फ्लाइंग क्लबची पाटी दिसली, आत शिरले, चौकशी केली. वय आड येत नाही, डॉक्टरी तपासणी पास झाली की पुरे, असं कळलं. नवरा म्हणाला, "त्यापेक्षा पोहायला शीक." बँकेत मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्याला जोखमीचंच आधी दिसतं. पोहायला मला आधीपासून येत होतं.

खासगी वैमानिकाचा परवाना मला सोपा गेला. गणित, हवामान, नियम पाठ करायची सवय होती, आणि उरलेलं सगळं नजरेचं काम होतं. तापी कुठे वळते, हजिऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या कुठल्या बाजूला राहिल्या पाहिजेत, भरतीला खाडीचा रंग कसा बदलतो. धावपट्टी नाकाखाली कुठे आली की विमान उचलून धरायचं, हे मला कुणी सांगायच्या आधी दिसायचं. प्रशिक्षक माझ्याहून सतरा वर्षांनी लहान, साताऱ्याकडची बाई. मी तिला मॅडम म्हणते, ती मला ताई म्हणते. परवान्याच्या दिवशी ती म्हणाली होती, "ताई, तुमचे डोळे मला द्या, बाकीचं मी बघून घेईन."

मग मागच्या जानेवारीत फजिती झाली. जळगावला एकटीने विमान नेलं, तिथे मुक्काम केला, सकाळी परत निघाले. नवापूरपर्यंत स्वच्छ. व्यारा ओलांडलं आणि खालची जमीन दुधात भिजवल्यासारखी होत गेली. सुरतेच्या टॉवरने दृश्यता सांगितली आणि विचारलं, इन्स्ट्रुमेंटवर येऊ शकता का? मी म्हणाले, नाही. मग परत फिरा, म्हणाले. फिरले. जळगावला उतरून दुपारपर्यंत थांबले, पण सुरतेचं काही उघडेना. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये तीन पार्ट्या येणार होत्या. विमान तिथेच बांधून ठेवलं आणि एसटीने निघाले. धुळ्याला गाडी बदलली, नवापूरच्या घाटात एक बाई माझ्या खांद्यावर झोपली. घरी पोहोचले तेव्हा आई दारातच म्हणाली, "इमान लिसन गयी नि यष्टीवर उनी!" हे वाक्य तिने पुढे महिनाभर येईल त्याला ऐकवलं.

विमान आणायला दोन दिवसांनी मॅडमना जावं लागलं. आल्यावर किल्ली माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "पुढचं शिकून घ्या ताई. नाहीतर दर हिवाळ्यात मला जळगावच्या भरताचा खर्च पडेल."

म्हणून शिकायला लागले. आधी सिम्युलेटर, म्हणजे खोलीत बसून, पडद्यासमोर. ते जमलं. खुर्ची जागची हलत नव्हती, त्यामुळे शरीराला काही मत नव्हतं. पावसाळा संपल्यावर खऱ्या विमानात हूड घालून बसले आणि पहिल्या वीस मिनिटांत कपाळावर घाम आला. मॅडम उजवीकडे बसून बाहेरची रहदारी बघतात आणि सूचना देतात. डावीकडे मी, नजर काट्यांवर. हळू वळण घ्यायचं, मग सरळ व्हायचं. एवढंच. मी सरळ झाले की समोरचं कृत्रिम क्षितिज सांगायचं, पंख समतल आहेत. आणि माझं सगळं अंग सांगायचं की आपण दुसऱ्या बाजूला कलंडलो आहोत. कान, पोट, बसायची जागा, सगळे एका सुरात. इतक्या साक्षीदारांसमोर एका डबीएवढ्या यंत्राचं काय ऐकायचं? मी अंगाचं ऐकायचे. विमान कलायचं.

"ताई, काय करताय?"

"सरळ करतेय."

"सरळच होतं."

"वाटत नव्हतं."

"वाटण्याचं इथे काय काम? वाटलं तर खाली उतरून कविता लिहा."

पहिले चार तास असे गेले. उंची दोनशे फूट वर, दोनशे खाली. दिशा दहा-दहा अंशांनी हुकलेली. मिलमध्ये जिच्यापुढे यंत्राला कुणी विचारत नाही, तिला इथे यंत्रासमोर शाळकरी पोरीसारखं बसवलं होतं. घरी आले की एका जागी बसवत नसे. जेवताना उठून फ्रीज उघडायचे आणि काय हवं होतं ते विसरायचे.

पाचव्या वेळी हूडचा पट्टा सैल झाला होता. छज्जा डावीकडे बोटभर वर सरकला आणि खालच्या कोपऱ्यात खिडकीची फट उघडली. मी तो सारखा करायला हात उचलला आणि तेवढ्यात फटीतून समुद्राची चमक दिसली. एक रेघ. हात खाली घेतला. मान हलवायची गरजच नव्हती. पंचवीस वर्षं जी नजर मी कापडावर टाकत आले तीच टाकली, कोपऱ्यातून, पाव सेकंद. अंगाचा गोंधळ जागच्या जागी थांबला. विमान सरळ होतं, आणि आता मला ते सरळ वाटतही होतं.

मॅडमना कळायचं कारण नव्हतं. छज्ज्यामुळे उजवीकडून माझे डोळे दिसत नाहीत आणि त्यांचं लक्ष बाहेर. त्या दिवशी उतरताना त्या म्हणाल्या, "आज हात बसला बघा." पुढच्या वेळी पट्टा सैल झाला नव्हता, तो मी सैल केला. आता हे सरळ लिहिते आहे, त्या रविवारी सकाळी मात्र लिहवत नव्हतं.

मी स्वतःला सांगत होते की हे फसवणं नव्हे, पडताळणं आहे. यंत्राचा आकडा बघायचा आणि खिडकीशी नेऊन खात्री करायची, हीच तर माझी पद्धत. मिनिटाला एखादी नजर. काटे मी बघतच होते. असे सात तास झाले, उंची पन्नास फुटांत राहायला लागली, मॅडम क्लबमध्ये इतरांना माझं उदाहरण द्यायला लागल्या.

शनिवारी, म्हणजे आदल्याच दिवशी, हवा जड होती. थंडीतल्या सकाळी सुरतेवर असते तशी, धूर खाली दाबून ठेवणारी. हूड घातला. समुद्राच्या दिशेने वळण सुरू केलं, सरळ झाले, अंग नेहमीप्रमाणे खोटं बोलायला लागलं. मी कोपऱ्यातून बघितलं. बाहेर सगळं राखाडी. दुसऱ्या कुणाला तिथे काही दिसलं नसतं. मला दिसलं. राखाडीच्या चाळीस छटा मी बोटांवर वेगळ्या करते. वरचा राखाडी थोडा पिवळ्याकडे झुकलेला, खालचा निळसर, आणि मध्ये त्यांची शिवण. समुद्र आणि आभाळ, मी ठरवलं. शिवणीला पंख समांतर नव्हते. मी ते समांतर केले.

कृत्रिम क्षितिज कलंडलं. ते मला दिसत होतं, नाही दिसलं असं मी म्हणणार नाही. उंचीचा काटा खाली निघाला तोही दिसला. पण शेड माझ्या बाजूने होती. मनात आलेला शब्द अजून आठवतो: मशीन बिघडलं.

"आय हॅव कंट्रोल," मॅडम म्हणाल्या आणि विमान माझ्या हातातून गेलं. त्यांनी हूड माझ्या डोक्यावरून मागे सारला. आम्ही चारशे फूट खाली आलो होतो आणि डावा पंख जमिनीकडे झुकलेला होता. ती शिवण म्हणजे चिमण्यांच्या धुराचा वरचा काठ होता. वाऱ्याने तो तिरका पसरला होता, किनाऱ्याकडून खाली उतरत गेलेला. समुद्र त्याच्या खाली कुठेतरी, सरळ.

"काय झालं?"

"शिंक आली," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हाताबरोबर नाक पण ट्रेन करावं लागेल मग." आणि उतरल्यावर, "आजचा वेळ हूडमध्ये धरू नका, पण एका शिंकेवरून मी सात चांगले तास वाया घालवणार नाही. सोमवारी लॉगबुक आणा. सही करते, नाव पाठवते."

तर रविवारी ते लॉगबुक समोर होतं.

अकराच्या सुमारास आईने सोललेल्या दाण्यांची परात बाजूला सरकवली आणि शेंगांची सालं पदरात गोळा केली. तिला मी कबूल केलं होतं की हा परवाना मिळाला की तिला जळगावला विमानाने नेईन. तिथून अमळनेर, तिच्या भावाकडे. तिने भावाला फोन करून अंगण सारवून ठेवायला सांगितलं होतं, जणू विमान अंगणातच उतरणार होतं.

"माले कव्हय लई जाशी?"

"परीक्षा व्हई जाऊ दे."

"परीक्षामा काय पुसतस?"

मी सांगितलं की ढगात गेल्यावर बाहेरचं काही दिसत नाही आणि तरी विमान चालवता येतं का, ते बघतात.

"मंग ढगमा कसाले जास? बाजूथून जाय ना."

"दर वेळी बाजू नही ऱ्हास, माय."

तिने सालांचा पदर सावरला. "मी बससू तव्हय बी ढगमा जाशी का?"

"जानं पडी त जासू."

"आनि तठे तुले दिखी?"

"नही. काटा दिखतस फक्त."

"बरं," ती म्हणाली. "काटा तुले चांगला वळखता येतंस ना, मंग काय." आणि सालं टाकायला आत गेली.

मी पेनचं टोपण लावलं. काढलं. परत लावलं.

दुपारी नवऱ्याला त्याच्या टेबलाच्या फिरत्या खुर्चीतून उठवलं. खुर्ची हॉलच्या मधोमध ओढली, त्यावर बसले, डोळे घट्ट मिटले.

"मला हळूहळू फिरवा. एका वेगात. थांबवाल तेव्हा बोलू नका. खुर्ची कुठल्या बाजूला फिरतेय ते मी सांगते."

"हे काय नवीन?"

"फिरवा हो."

त्याने फिरवलं. मी म्हणाले, डावीकडे. बरोबर होतं. थोड्या वेळाने मी म्हणाले, थांबलात. तो काही बोलला नाही. मग मी म्हणाले, "आता उजवीकडे फिरवताय."

"अगं, खुर्ची उभी आहे."

"अहो, फिरवताय तुम्ही. मला कळतंय."

"माझे दोन्ही हात माझ्या खिशात आहेत."

"खोटं."

डोळे उघडले. त्याचे हात खिशात होते. मी थांबलात म्हणाले तेव्हा तो फिरवतच होता, आणि उजवीकडे म्हणाले तेव्हा खुर्ची उभी होती. सहा वेळा केलं. सहाही वेळा पहिलं उत्तर बरोबर आणि पुढची दोन्ही चूक, आणि दर वेळी मी त्याच्याशी वाद घातला. चौथ्या वेळेपासून मला माहीत होतं की मी चुकणार आहे; तरी अंगाला जे वाटत होतं ते तसूभर कमी झालं नाही. सहाव्या वेळी तर मी खुर्चीचा हात धरून त्याच्यावर ओरडले.

आई दारात येऊन उभी होती. "दोन्ही येडा व्हयनात," ती म्हणाली आणि आमटी उतू जाते आहे का ते बघायला गेली.

नवऱ्याने खुर्ची जागेवर ढकलली. "उद्याच्या परीक्षेची तयारी आहे का ही?"

"उद्या परीक्षा नाही. उद्या सही आहे."

"मग एवढी का चिडलीस?"

मी त्याला सांगितलं. सगळं, शिंकेसकट. मला वाटलं तो बँकेच्या सुरात काही सुनावेल. त्याने चष्मा काढला आणि विचारलं, "सात तास परत उडायला किती दिवस लागतील?"

"आठवडे. आणि सात नाही. मला काहीच येत नाहीये, त्यामुळे किती ते माहीत नाही."

"आणि त्या बाईंची नोकरी?"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. प्रत्येक उड्डाणानंतर मॅडम माझ्या प्रशिक्षण-पत्रकावर शेरा लिहून सही करतात. सात चांगल्या शेऱ्यांखाली त्यांची सही होती. मी गप्प राहिले तर त्यांच्या सहीला काही होणार नव्हतं, निदान मी ढगात जाईपर्यंत. बोलले तर त्यांना वर उत्तर द्यावं लागणार होतं. गप्प राहण्यासाठी हे कारण उत्तम होतं. संध्याकाळभर मी ते वापरून बघितलं. भाजी चिरताना, कपडे दोरीवरून काढताना, मिलच्या ग्रुपवर आलेले शेडचे फोटो बघताना. मोबाइलवरच्या फोटोवरून शेड पास करू नये हे मी स्वतः सगळ्यांना बजावलं आहे, आणि त्या संध्याकाळी दोन केल्या. मग लॅबमधल्या मुलीला फोन करून त्या रद्द केल्या. तिने विचारलं, "बेन, तबियत ठीक छे ने?"

झोपायच्या आधी लॉगबुक उघडलं आणि पहिले चार तास लिहिले. ते खरे होते. पुढच्या सात तासांसाठी कोऱ्या ओळी सोडल्या नाहीत. चौथ्या ओळीखाली सरळ रेघ मारली आणि वही मिटली.

सोमवारी सकाळी सातच्या आधी क्लबवर पोहोचले. मॅडम विमानाच्या पंखाखाली वाकून टाकीतल्या इंधनात पाणी आहे का ते काचेच्या नळीत बघत होत्या.

"आणलं लॉगबुक?"

"आणलंय. पण सही करू नका."

त्या उभ्या राहिल्या. नळी हातातच. मी उभ्याउभ्या सांगितलं, पट्टा, फट, समुद्र, धूर. घाईने सांगितलं, कारण थांबले असते तर मध्येच एखादं कारण शोधून काढलं असतं.

"कितव्या तासापासून?"

"पाचव्या."

"म्हणजे मी तुमचं उदाहरण द्यायला लागले तेव्हापासून." त्यांनी नळीतलं इंधन जमिनीवर ओतून टाकलं. "आणि शनिवारी शिंक नव्हती."

"नव्हती. धुराची कड होती. मला समुद्र वाटला."

"मला तर तिकडे कसली कडच दिसली नव्हती."

"तुम्हाला दिसायची नाही. दोन राखाडी होत्या."

त्या हसल्या नाहीत. मला वाटतं हसू आलं होतं आणि त्याचाही त्यांना राग आला. "ताई, तुम्ही माझ्याकडे बघून खोटं बोललात. दुसरा कुणी असता तर मी आजच नाव काढून टाकलं असतं."

"काढा."

"मला शिकवू नका काय करायचं ते." नळी खिशात घालून त्या म्हणाल्या, "माझ्याही सात सह्या आहेत त्याच्यावर. डोळे तपासायचं काम माझं होतं. चला, चीफकडे. बोलायचं तुम्ही, मी बाजूला उभी राहते."

चीफ इन्स्ट्रक्टर मितभाषी माणूस. त्यांनी पत्रकं मागवली. पत्रकांतल्या सातही ओळींवर मी आडवी रेघ मारली, प्रत्येकीपुढे कारण लिहिलं आणि सही केली. माझ्या सहीशेजारी मॅडमनी केली. परीक्षेला नाव जाणार नाही, हे चीफनी सांगितलं. मॅडमना लेखी खुलासा द्यायला लागणार होता. तो त्या तिथेच बसून लिहायला लागल्या. मी त्यात माझंही निवेदन जोडू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "बाहेर थांबा. मी रागात आहे, शुद्धलेखन चुकेल."

बाहेर अर्धा तास थांबले. बसले नाही, हँगरच्या भिंतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत फेऱ्या मारल्या. मिलमध्ये फोन करून सांगितलं की आज उशीर होईल, आणि मी येईपर्यंत यंत्राने नापास केलेलं काही सोडू नका. पलीकडच्या मुलीने ते दोनदा विचारून घेतलं.

मॅडम आल्या त्या हातात काळ्या टेपची गुंडाळी घेऊन. माझ्या हूडच्या डाव्या कडेला त्यांनी आतून पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली, वरून टेप फिरवली, आणि तो माझ्या कपाळावर स्वतःच्या हाताने बसवून पट्टा आवळला.

"दुखतोय?"

"हो."

"छान. वेळ आहे ना? मला बघायचंय तुम्हाला खरंच काय येतं ते."

उडालो. दोन हजार फुटांवर त्यांनी विमान माझ्या हातात दिलं. सरळ, समतल, मग डावीकडे हळू वळण, मग परत सरळ. अंग कलंडलं. मी डावीकडे नजर टाकली. सवयीने गेली ती, आणि पुठ्ठ्यावर आपटली. कृत्रिम क्षितिज म्हणत होतं पंख समतल आहेत. मी दोन्ही पाय जमिनीवर दाबून धरले आणि हात हलवला नाही. पोट म्हणत होतं पडतोय. पडत नव्हतो. मग उंचीच्या काट्याकडे बघायला विसरले आणि दोनशे ऐंशी फूट वर गेलो.

"उंची," मॅडम म्हणाल्या.

खाली आणली. दीडशे फूट जास्तच खाली आणली. परत वर. असं पन्नास मिनिटं चाललं. धावपट्टीवर उतरल्यावर हूड काढला तेव्हा कपाळावर पट्ट्याचा लाल वळ उमटला होता. मॅडम पत्रकावर लिहीत होत्या. मी वाकून बघितलं. लिहिलं होतं, उंची राखता येत नाही, दिशा राखता येत नाही, पुन्हा पहिल्या धड्यापासून.

मी खाली सही केली, लॉगबुकात चार तासांखालच्या रेघेच्या खाली पन्नास मिनिटं लिहिली, आणि गाडी काढून पलसाण्याला गेले.